साठ टक्क्यांची जागा

बसमध्ये उभे राहण्याचे खरे काम पायाचा घोटा करतो, हे माझा डावा घोटा गेल्यानंतर मला समजले. गाडी वळली, ब्रेक लागला किंवा चाक खड्ड्यात गेले की घोट्याचे स्नायू क्षणार्धात तोल सावरतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. गुडघ्याखाली कृत्रिम पाय बसवलेल्या माणसाला हेच काम हातांनी करावे लागते. दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरावा लागतो, आणि मग पर्स, डबा आणि तिकिटाचे सुटे पैसे सांभाळायला तिसरा हात उरत नाही. शिवाय दिवसभरात स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, थोडा आकसतो, सकाळी घट्ट बसलेला सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा स्टंपवर बसणारा पोकळ भाग, संध्याकाळी सैल पडतो, आत एकावर एक मोजे चढवावे लागतात आणि तरीही उभ्याने प्रवास केला की गाडीच्या प्रत्येक हिसक्याला त्या जागेची कातडी घासली जाते. एकदा ती सोलली की जखम भरेपर्यंत पायच घालता येत नाही आणि मग घरी बसावे लागते. मला बसमध्ये बसायला जागा लागते ती एवढ्यासाठी.

अपघाताची हकीकत येथे सांगत नाही. दुचाकी होती, मालट्रक होता, एवढे पुरे. बरी होऊन महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील माझ्या कामावर पुन्हा रुजू झाले तेव्हा स्कूटर चालवण्याचे धैर्य उरले नव्हते आणि रोजची रिक्षा पगारात बसत नव्हती, म्हणून शहर बस हाच मार्ग राहिला. शहराचे आणि बससेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. एक तर ज्यांच्याशी भांडण झाले त्यांच्याशीच पुढे चांगले बोलणेही झाले, आणि दुसरे म्हणजे मी जे लिहिणार आहे ते दुसऱ्या शहरातल्या वाचकालाही ओळखीचे वाटेल याची मला खात्री आहे.

सवलत आणि राखीव जागा या दोन्हींसाठी पहिली पायरी म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. 1 जून 2021 पासून ते केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच द्यावे असा नियम आहे, त्यामुळे आधारकार्ड, छायाचित्र आणि सही चढवून अर्ज भरायचा आणि मग सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणीला जायचे. तपासणीच्या वारी वैद्यकीय बोर्डाच्या खोलीबाहेर जी रांग होती, ती पाहून मला पहिल्यांदा जाणवले की ज्यांना उभे राहता येत नाही त्यांच्यासाठीची रांगही आपल्याकडे उभीच असते. अस्थिरोगतज्ज्ञांनी पाय काढायला सांगितला, टेपने स्टंपची लांबी मोजली, जुने एक्स-रे पाहिले आणि साठ टक्के लिहिले. गुडघ्याखाली खालच्या तिसऱ्या भागात पाय कापला असेल तर साठ टक्के, तोच कापलेला भाग गुडघ्याच्या जवळ असता तर सत्तर टक्के, असा तो तक्ता आहे. अंगाची अशी टक्केवारी ऐकताना चमत्कारिक वाटते, पण त्या आकड्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. एसटीच्या साध्या गाडीत 40 टक्के आणि त्यावरील दिव्यांगांना भाड्यात 75 टक्के सवलत आहे. सोबत्याला सवलत हवी असेल तर मात्र दिव्यांगत्व 65 टक्के किंवा अधिक असावे लागते. त्यामुळे कराडला बहिणीकडे जाताना माझे तिकीट सवलतीचे आणि मला धरून गाडीत चढवणाऱ्या मुलाचे तिकीट पूर्ण दराचे, असा आमचा हिशेब असतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही, रेषा कुठेतरी आखावी लागतेच.

ओळखपत्र टपालाने घरी आले. 40 टक्क्यांच्या खाली पांढरी पट्टी, 40 ते 79 पर्यंत पिवळी आणि 80 पासून पुढे निळी अशी व्यवस्था असल्याने माझे कार्ड पिवळ्या पट्टीचे आहे. ते दाखवून शहर बसचा सवलतीचा पास काढणे हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत सोपे काम निघाले. पास केंद्रावरच्या बाईंनी खुर्ची दिली, कागद तपासले आणि चहा येईपर्यंत पास हातात ठेवला.

अडचण पुढे, प्रत्यक्ष गाडीत आली, आणि ती समजण्यासाठी गाडीची रचना डोळ्यांसमोर आणावी लागेल. आमच्याकडे मागच्या दाराने चढायचे आणि पुढच्या दाराने उतरायचे अशी पद्धत आहे, आणि दिव्यांगांसाठी राखीव असलेले दोन जणांचे बाक पुढच्या दाराला लागून आहे. म्हणजे ज्याला चालत्या गाडीत चालणे सर्वांत कठीण, त्यानेच मागून चढून, गर्दीतून वाट काढत सगळी गाडी पार करायची आणि मग बसायचे. मुंबईत बेस्टच्या गाड्यांत ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग आणि गरोदर स्त्रिया यांना पुढच्या दाराने चढण्याची मुभा फार पूर्वीपासून होती. आमच्याकडे तसा फलक नव्हता आणि पुढच्या दारी उभी राहिले तर चालक हाताने मागे जा अशी खूण करीत असे. त्यात जुन्या गाड्यांचा तळ रस्त्यापासून सुमारे 900 मिलिमीटर उंच असतो, खालच्या तळाच्या नव्या गाड्यांचा 400 मिलिमीटर. कृत्रिम पाय असलेल्या माणसाला शिकवलेला नियम असा, की चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना कृत्रिम पाय आधी टाकायचा. हा नियम पाळायचा तर एका पायरीवर दोन्ही पाय एकत्र आणून मग पुढची पायरी घ्यावी लागते, आणि तेवढ्यात मागचा माणूस “चला, चला” म्हणू लागतो. थांब्यावर रिक्षा उभ्या असल्यामुळे गाडी रस्त्याच्या मधोमध थांबली तर पदपथाची उंचीही कामी येत नाही, मग तळ कितीही खाली असो.

दुसरी एक गोष्ट मी अनुभवाने शिकले. मला केवळ जागा पुरत नाही, विशिष्ट जागा लागते. चाकाच्या वर उंचवटा असलेल्या बाकावर गुडघा फार दुमडावा लागतो आणि सॉकेटची मागची कड मांडीच्या खालच्या बाजूला रुतते. खिडकीशी बसले तर पाय लांबवता येत नाही. डावा पाय कृत्रिम असल्याने मला चालकाच्या बाजूच्या रांगेतील कडेची जागा सोयीची, कारण तिथे मधली वाट डाव्या हाताला येते आणि पाय थोडा पुढे ठेवता येतो. आता राखीव बाक नेमके डाव्या रांगेत, म्हणजे दाराच्या बाजूला असते. उजव्या पायाच्या माणसाला ते उत्तम, माझ्यासाठी ‘नसल्यापेक्षा बरे’ या जातीचे. वाटेत पाय असला की त्यावर लोकांचा पाय पडतो, ते ओशाळून “सॉरी ताई” म्हणतात, आणि मला काहीच लागलेले नसते. सुरुवातीला मी खुलासा करीत असे, आता नुसते “असू दे” म्हणते.

पण या सगळ्याच्या आधी ती जागा मोकळी असावी लागते, आणि ती क्वचितच मोकळी असते. मी सलवार-कमीज घालते. पाय झाकलेला, हातात काठी नाही, चालण्यात थोडासा लंगडेपणा, तोही थकल्यावरच दिसणारा. समोरच्याला दिसते ती चाळिशीतली, नोकरीवरून परतणारी एक धडधाकट बाई. अशा बाईने राखीव बाकावर बसलेल्या माणसाला उठवायचे म्हणजे दर वेळी अनोळखी लोकांसमोर आपल्या शरीराची माहिती जाहीर करायची. “जरा सरकता का” असे मोघम विचारले की माणूस खरोखरच जरासा सरकतो. “मला उभे राहता येत नाही” म्हटले की, “कुणाला येतंय” असे उत्तर मिळते. हळूहळू मी एकच वाक्य ठरवून टाकले : “माझा डावा पाय कृत्रिम आहे, मला ही कडेची जागा हवी आहे.” हे वाक्य स्पष्ट आवाजात, समोरच्याच्या डोळ्यांत बघून उच्चारले तर बहुतेक लोक उठतात, हे मला प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. कष्टकरी माणसे सर्वांत आधी उठतात, महाविद्यालयीन मुले मित्रांसोबत नसतील तर लगेच उठतात, आणि कानात इयरफोन घातलेला माणूस मात्र ऐकूच येत नसल्याने हलत नाही. सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे त्या बाकावर आधीच एखाद्या सत्तरीच्या आजी बसलेल्या असणे. त्यांना उठा म्हणवत नाही, आणि त्यांना माझे कळले तर त्या स्वतःच उठू लागतात, मग आम्ही दोघी एकमेकींना बसवत उभ्या राहतो आणि गाडी पुढे जाते.

त्या बाकावर बसलेला प्रत्येक तरुण माणूस उपरा असतो असेही नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले, आणि त्यांत सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन असे डोळ्यांना न दिसणारे आजारही आले. म्हणून माझे वाक्य उच्चारण्यापूर्वी मी “तुम्हालाही काही त्रास आहे का?” असे विचारते. एकदा एका मुलाने काही न बोलता खिशातून माझ्यासारखेच कार्ड काढून दाखवले. तो विदर्भातून शिकायला आलेला सिकलसेलचा रुग्ण होता, आणि पुढे बरेच दिवस आम्ही ते बाक वाटून घेत होतो, कडेची जागा माझी आणि खिडकी त्याची.

ज्या प्रसंगामुळे हे सारे कागदावर आले तो संध्याकाळचा आहे. गाडी भरलेली होती, राखीव बाकावर दोन तरुण होते. मी ठरलेला प्रश्न विचारला, मग ठरलेले वाक्य म्हटले, तर त्यातल्या एकाने खिडकीबाहेर बघत “सीटवर नाव लिहिलंय का?” असे विचारले. वास्तविक लिहिलेले होते. पाठीमागच्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात राखीव असे रंगवले होते, पण त्यातला ‘रा’ तेवढा शिल्लक होता, बाकीचे टेकणाऱ्या पाठींनी पुसून गेले होते. मी वाहकाला हाक मारली. ते मागच्या दाराशी तिकिटे काढत होते. तिथूनच त्यांनी सांगितले, “ताई, लेडीज सीट बघा ना. चांगल्या तर चालत आलात.” मी कार्ड काढले. गर्दीतून पुढे येणे शक्य नसल्याने त्यांनी ते माणसांच्या हातून मागे मागवले, आणि माझे नाव, छायाचित्र आणि टक्केवारी असलेले ते कार्ड हातोहात पूर्ण गाडीत फिरून वाहकापर्यंत गेले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाले, “साठच टक्के आहे ना?” गाडीत हशा पिकला. कुणीतरी, फार मोठ्याने नव्हे, “पाय दाखवा म्हणावं” असेही म्हणाले. मधल्या बाकावर भाजीची रिकामी पाटी घेऊन बसलेल्या एका मावशींनी मग मला ओढूनच आपल्या जागेवर बसवले आणि स्वतः पाटी पायांत धरून उभ्या राहिल्या. त्या भल्या बाईची जागा मी घ्यावी आणि ज्यांनी उठायला हवे ते बसून राहावेत, हे मला हशापेक्षाही अधिक झोंबले. सौजन्य ज्याच्याकडे आहे त्यालाच पुन्हा पुन्हा उभे राहावे लागते आणि नियम ज्याला लागू आहे तो बसून राहतो, अशी ही वाटणी होती.

तिकीट मी जपून ठेवले. यंत्रातून निघालेल्या तिकिटावर मार्ग, वेळ, गाडीचा आणि वाहकाचा क्रमांक असा सगळा तपशील असतो, आणि तो कागद काही आठवड्यांत पांढरा पडतो, म्हणून घरी जाण्यापूर्वीच त्याची झेरॉक्स काढली. दुसऱ्या दिवशी तक्रार अर्ज लिहून आगारात दिला आणि त्याच्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली. ज्यांना असा अर्ज करायचा आहे त्यांना माझे एकच सांगणे आहे : पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, कारण पोच नसलेला अर्ज दिलेलाच नसतो. उत्तर आले, “संबंधित वाहकास योग्य ती समज देण्यात आली आहे.” असे उत्तर तयार असते, फक्त तारीख बदलते. मला त्या वाहकाला समज मिळायला नको होती. मला हे हवे होते की पुढच्या वेळी वाहक कोणीही असो, जागा मोकळी करून देणे हे त्याचे काम आहे हे त्याला माहीत असावे आणि मला ते त्याला सांगावे लागू नये.

म्हणून मी माहितीचा अधिकार वापरला. जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत, असे आपल्या राज्याचे नियम आहेत. ग्रंथालयात नोंदी लिहिण्याची सवय असल्याने दीडशे शब्दांचे बंधन मला जड गेले नाही. मी विचारले की राखीव आसनांबाबत चालक-वाहकांना दिलेल्या लेखी सूचनांची प्रत द्यावी, आणि प्रशिक्षणात हा विषय असल्यास त्याचा तपशील द्यावा. तीस दिवसांच्या मुदतीच्या अखेरीस उत्तर आले. दोन्ही मुद्द्यांपुढे एकच शब्द होता : “निरंक,” म्हणजे काहीही नाही. मला राग येण्याऐवजी हायसे वाटले. आता भांडण एका वाहकाशी उरले नव्हते. ज्या माणसाला कोणी काही सांगितलेच नव्हते त्याने आपल्या मनाने वागून दाखवले होते, एवढाच त्याचा अर्थ होता.

मग कायदा वाचायला घेतला. 2016 च्या अधिनियमातील कलम 41 वाहतुकीच्या सुगमतेविषयी आहे आणि थांबे, स्थानके यांपासून वाहनांपर्यंत सगळे त्यात येते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 27 डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने बसगाड्यांत प्राधान्य आसने, त्यांची चिन्हे, कुबड्या व काठ्या अडकवण्याची सोय, धरायला दांडे आणि चाकाच्या खुर्चीची व्यवस्था 1 मार्च 2020 पासून आवश्यक केली. म्हणजे पत्रा, रंग, दांडे यांचा विचार झाला आहे. आसनावर बसलेल्या माणसाला कोणी उठवायचे, हा प्रश्न मात्र पत्र्याने सुटत नाही. या प्रश्नावर मला सर्वांत उपयोगी वाटले ते इंग्लंडमधील एक प्रकरण. डग पॉली हे चाकाची खुर्ची वापरणारे गृहस्थ फेब्रुवारी 2012 मध्ये वेदरबीहून लीड्सला निघाले होते. खुर्चीच्या जागेत एका बाईंनी झोपलेल्या बाळाची बाबागाडी ठेवली होती, चालकाने विनंती केली, बाईंनी नकार दिला आणि पॉली यांना ती बस सोडावी लागली. जानेवारी 2017 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नुसती विनंती करून थांबणे पुरेसे नाही. नकार अवाजवी वाटत असेल तर चालकाने पुढचे पाऊल उचलले पाहिजे, अधिक ठामपणे सांगितले पाहिजे, प्रसंगी गाडी काही मिनिटे उभी करून ठेवावी. जबरदस्तीने कुणाला उतरवावे असे न्यायालयाने म्हटले नाही. मला हा तोल पटला. आपल्याकडे तर चालकाखेरीज वाहकही असतो, आणि गाडी थांबवायची की सोडायची हे त्याच्या हातातल्या घंटीच्या दोरीवर ठरते.

एका वकील स्नेह्यांनी कलम 92 कडे लक्ष वेधले. सार्वजनिक ठिकाणी दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केल्यास सहा महिने ते पाच वर्षे कारावासाची तरतूद त्यात आहे. मी ते वापरायचे नाही असे ठरवले. हशा हा गुन्हा म्हणून सिद्ध करत बसण्यात माझी वर्षे गेली असती आणि बाकावरचे अक्षर पुसलेलेच राहिले असते. त्याऐवजी मी परिवहन प्रमुखांना सविस्तर पत्र लिहिले, त्याला माहिती अधिकारातले उत्तर जोडले आणि शेवटी एक ओळ घातली : “प्रत माहितीसाठी सविनय सादर : राज्य आयुक्त, दिव्यांग व्यक्ती, पुणे.” अधिनियमाच्या कलम 80 प्रमाणे हक्क डावलल्याच्या तक्रारीची चौकशी राज्य आयुक्त करू शकतात, कलम 82 ने त्यांना दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार आहेत, आणि त्यांनी शिफारस केली तर कलम 81 प्रमाणे तीन महिन्यांत काय केले ते त्या कार्यालयाला कळवावे लागते. एवढे सगळे त्या एका ओळीत अध्याहृत असते आणि कार्यालयांना ते बरोबर वाचता येते. आधीचा अर्ज महिनाभर पडून होता. या पत्रानंतर थोड्याच दिवसांत आगारप्रमुखांचा फोन आला.

बैठक आगारातल्या वाहकांच्या विश्रांतीच्या खोलीत झाली. पाळी बदलायची वेळ होती, पंधरा-वीस चालक-वाहक होते, आणि ज्यांच्याशी माझा वाद झाला होता तेही भिंतीला टेकून उभे होते. आगारप्रमुखांनी मला बोलायला सांगितले. मी कायद्याची कलमे सांगितली नाहीत. खुर्चीवर बसून सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाय काढून समोरच्या टेबलावर ठेवला. गाडीत हे करायला कोणी सांगणे आणि येथे मी आपण होऊन करणे यांत काय अंतर आहे, हे त्यांना सांगावे लागले नाही. सॉकेट, त्यातले मोजे, न वळणारा घोटा, सगळे त्यांनी हातात घेऊन पाहिले; एका चालकाने तर घोट्याच्या सांध्याविषयी गाडीच्या स्प्रिंगविषयी विचारावे तसे तपशीलवार प्रश्न विचारले.

त्यांची बाजू ऐकणे मात्र माझ्यासाठी अधिक महत्त्वाचे ठरले. एक ज्येष्ठ वाहक म्हणाले, “मॅडम, गाडीत ऐंशी माणसं. मागं तिकिटं काढू, का पुढं येऊन सीट खाली करू? टप्पा यायच्या आत तिकिटं झाली नाहीत आणि चेकर चढला, तर मेमो मला. उठवायला गेलो आणि त्यानं कॉलर धरली, तर मार मला. गाडीला उशीर झाला तरी मीच.” दुसऱ्याने बोगस प्रमाणपत्रांचा विषय काढला; सवलतीसाठी खोटी कार्डे दाखवणारे त्यांना नेहमी भेटतात आणि त्यामुळे खऱ्या माणसाकडेही संशयाने बघायची सवय लागते, हे त्याने न लाजता सांगितले. त्यांच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती. ज्या माणसाला वेळेचा, तिकिटांचा आणि भांडणाचा हिशेब द्यावा लागतो पण राखीव जागेचा हिशेब कोणीच विचारत नाही, तो माणूस पहिले तीन हिशेब जपणार हे उघड आहे.

त्या खोलीत ज्या गोष्टी ठरल्या त्या त्यामुळेच वाहकाच्या सोयीने ठरल्या. दिव्यांग प्रवाशाने पुढच्या दाराने चढायचे आणि चालकाने त्याला चढू द्यायचे, म्हणजे वाहकाला गर्दी कापत पुढे यावे लागणार नाही. जागा मोकळी करण्याविषयी चालकाने आरशातून पाहून मोठ्याने सांगायचे, आणि प्रवासी बसेपर्यंत गाडी हलवायची नाही. गाडी हलत नाही म्हटल्यावर बाकीचे प्रवासीच बसलेल्याला उठवतात, हे एका चालकाने स्वतःच्या अनुभवावरून सांगितले. पॉली प्रकरणातील न्यायमूर्तींनी जे लिहिले ते या माणसाला आधीपासून ठाऊक होते. अशा उशिराची नोंद चालकाने केली तर त्याबद्दल मेमो द्यायचा नाही, हे आगारप्रमुखांनी मान्य केले. कार्ड तपासायचे ते प्रवासी बसल्यावर, त्याच्याजवळ जाऊन, हातोहात न फिरवता. माझ्या मते सगळ्यांत मोलाचे कलम हे शेवटचे, कारण त्यासाठी ना रंग लागतो ना पैसा. हे सारे लेखी सूचना म्हणून फलकावर लागले आणि मी तिची प्रत मागून घेतली, म्हणजे यापुढे कोणी माहिती मागितली तर उत्तर निरंक येणार नाही.

ज्यांच्याशी वाद झाला होता ते वाहक बैठक संपल्यावर गेटपर्यंत सोबत आले. माफी वगैरे कोणी मागितली नाही. “त्या दिवशी तुम्ही आधी पाय सांगितला असता तर,” असे ते म्हणू लागले, आणि मी म्हटले की सांगितला होता, तुम्ही मागे होता, ऐकू आले नसेल. त्यावर त्यांनी मान हलवली आणि रिक्षा थांबवून दिली.

आता चित्र कसे आहे ते सांगते. माझ्या नेहमीच्या मार्गावरचे चालक मला ओळखू लागले आहेत, त्यामुळे पुढचे दार उघडते आणि बसेपर्यंत गाडी थांबते. पण हा ओळखीचा फायदा किती आणि सूचनेचा किती, हे सांगणे कठीण आहे. दुसऱ्या मार्गावर गेले की अजूनही मागे जा अशी खूण होते, आणि मग मी मोबाइलमधला त्या सूचनेचा फोटो खिडकीला लावते. कंत्राटी चालक बदलत राहतात आणि प्रत्येक नव्या माणसापर्यंत कागद पोहोचतोच असे नाही. दिव्यांग मित्रमंडळींपैकी दोघांनी आपापल्या मार्गांवर तोच फोटो वापरायला सुरुवात केली आहे. त्यातले एक दृष्टिहीन आहेत आणि त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा चांगला आहे, कारण पांढरी काठी कोणालाही दिसते. एसटीच्या प्रवासात प्रश्न वेगळा येतो. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि मार्च 2023 पासून स्त्रियांना अर्ध्या भाड्यात प्रवास सुरू झाल्यानंतर साध्या गाड्यांना गर्दी वाढली आहे. ती गर्दी मला आवडते, माझ्या आईलाही तिचा लाभ झाला आहे. मात्र चढतानाच्या रेटारेटीत आपला पाय टिकवायचा तर गाडी जिथून सुटते त्या स्थानकावरच जाऊन बसावे, मधल्या थांब्यावर वाट पाहू नये, असे मी ठरवले आहे.

आमच्या शहरात आता खालच्या तळाच्या विजेच्या गाड्या आल्या आहेत. चढणे खरोखर सोपे झाले आहे, दारातला रॅम्प उघडताना मी स्वतः पाहिला आहे, आणि प्राधान्य आसनांना निळे कापड आहे, त्यामुळे कोणाला नाव शोधावे लागत नाही. पण त्यातली दोन आसने पुढच्या चाकाच्या उंचवट्यावर आहेत. तिथे बसायला एक उंच पायरी चढावी लागते आणि माझ्यासारख्याचा गुडघा तिथे मावत नाही. उजव्या रांगेतली सपाट तळावरची कडेची दोन आसने त्याऐवजी निळी करावीत असा अर्ज, गाडीच्या आतल्या मापांच्या आकृतीसह, मी गेल्या आठवड्यात दिला आहे. पोच घेतली आहे, आणि शेवटी प्रतीची ती ओळ याही अर्जावर आहे.